धोंड्याच्या महिन्यातला जावई

आई, माझ्या नव्या सिनेमात तुझी भूमिका करणाऱ्या बाईंनी काल मला विचारलं, "सोलापुरात भाकऱ्या विकणाऱ्या आईनं खरंच असं केलं असतं का हो?" निर्माता तर सीनच काढून टाका म्हणत होता, लोकांना पटणार नाही म्हणे. मी काढला नाही. तेव्हा मला तरी कुठं पटलं होतं!

मी सिरियलीत खलनायक करायचो तेव्हा तू भाकऱ्या थापता थापता गिऱ्हाइकांना ऐटीत सांगायचीस, "त्यो हरामखोर माझाच हाय की." मग मी पहिला सिनेमा दिग्दर्शित केला, आणि मुलाखतीत सांगून टाकलं की मला पुरुष आवडतात, माझा कॅमेरामन हाच माझा जोडीदार आहे. तू फोन उचलणं बंद केलंस. हातातली कामं गेली, त्याचं एवढं वाईट वाटलं नाही. पण तुझा फोन नुसता वाजत राहायचा तेव्हा मी रडायचो. आणि एक दिवस तूच फोन केलास. "धोंड्याचा म्हयना लागलाय. त्याला घेऊन ये." बस्स, एवढंच. येताना वाटेत मी त्याला बजावत होतो, आई काहीही बोलली तरी ऐकून घे.

धोंड्याच्या महिन्यात गल्लीत घरोघरी जावई जेवायला यायचे आणि मुलगी नसलेली तू दुसऱ्यांची पुरणं पाट्यावर वाटून द्यायचीस. त्या दुपारी आपल्या घरात पाट मांडलेला, भोवती रांगोळी. तू त्याला कुंकू लावतेस, म्हणतेस, "बसा जावईबापू." अकलूजचा तो आडदांड गडी, घाबरून उठायलाच लागतो. "ताटावरनं उठू नगा!" पुरणाचे धोंडे वाढतानाही तुझा आवाज चढलेलाच. मग मला, "बघत काय ऱ्हायलास? तूप वाढ की." तेवढ्यात शेजारची काकू दारात डोकावते, "कोण पावनं आल्यात?" तू मान वर न करता सांगतेस, "माझं जावई हायेत. ये की जेवाया." काकू आली नाही. तू मात्र दार सताड उघडंच ठेवलंस. तुझा इतका अभिमान वाटला आई! मी मुलाखतीत बोललो ते मुंबईत बसून. तू बोललीस ती गल्लीत, जिथं रोज भाकऱ्या विकायच्या होत्या.

तू जाऊन किती वर्षं झाली. हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? पण एक सांगायचंय. काल त्या बाईंना म्हणालो, गोड बोलू नका, रागातच बोला. पहिल्याच टेकला त्या अशा काही बोलल्या की सेटवर कुणी हललं नाही. तिथंच ओके म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "लाइट हललाय, परत करू." मग पुन्हा परत, पुन्हा परत. मला फक्त ऐकत राहायचं होतं गं. लाइट जागचा हललेला नव्हता, हे कॅमेऱ्यामागं बसलेल्या तुझ्या जावयाला चांगलं माहीत होतं. तरी तो दर वेळी कॅमेरा सुरू करत राहिला.