बदली दिल्याशिवाय जायचं नाही

ग्रानविक, स्वीडन
५ जानेवारी २०२५

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पंधरवड्याचं पत्र दोन दिवस आधीच लिहितेय, म्हणजे बातमी मोठी आहे हे तू ओळखलं असशीलच. मराठीतून पत्र लिहायच्या अटीवर तू मला इथे आइस हॉकी खेळायला सोडलंस, तेव्हा ती मला शिक्षा वाटली होती. आता फोनवर जे सांगताना माझी त-त-प-प होते ते कागदावर सरळ उतरतं. फोटो आत्ताच पाठवते, कागद नेहमीप्रमाणे बाबांच्या ऑफिसच्या पोस्ट बॉक्सवर येईल.

तर, क्लबने कॅनडासाठी माझं नाव दिलंय! आमच्या क्लबची आणि तिकडच्या एका कॉलेजची साठ वर्षांची सोयरीक आहे. त्यांचा एक प्रशिक्षक एका हिवाळ्यापुरता इथे आला आणि इथल्या पोस्टमास्तरांच्या मुलीशी लग्न करून कायमचा राहिला. तेव्हापासून तिकडची मुलं इथे खेळायला येतात, इथली तिकडे शिकायला जातात. शिक्षण, राहणं, खेळ, सगळं कॉलेज बघतं. यंदा त्यांना मुलींच्या संघात एक गोलकीपर हवी आहे. एकच. मार्चमध्ये त्यांचे प्रशिक्षक येऊन खेळ बघतील, आणि शेवटचा शब्द त्यांचा.

पण एक अट आहे. फार पूर्वी एका वर्षी क्लबचे सगळे गोलकीपर कॅनडाला गेले आणि उरलेल्यांनी एका बचावपटूला गोलात उभं करून हंगाम काढला. त्या हंगामाचा विषय निघाला की गावातली म्हातारी माणसं अजून मान खाली घालतात. म्हणून इथे नियमच झालाय, बदली दिल्याशिवाय जायचं नाही. जी जाणार तिनेच आपल्या जागी गोलकीपर शोधून आणायची, तीही प्रशिक्षक यायच्या आत. आमच्या संघाच्या प्रशिक्षक गुनिलाबाई बाकी प्रेमळ आहेत, पण यात त्या कुणाचं ऐकत नाहीत.

तर माझं एक काम कर. मॉलमधल्या आपल्या बर्फाच्या रिंकवर शारजाची इनाया गोलात खेळते. माझ्यामागे तिच्याइतकं चांगलं तिथे कुणी नाही. तिला आणि तिच्या घरच्यांना भेटून ये.

बाबांना नमस्कार, काव्याला टपली. लोभ असावा, आणि जमल्यास मेतकूटही पाठवावं.

तुझी,
आभा


करामा, दुबई
११ जानेवारी २०२५

चि. आभास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तुझ्या बाबांनी खालच्या हॉटेलातून जिलबी आणली आणि आख्ख्या मजल्यावर वाटली. निवड अजून व्हायची आहे हे मी सांगेपर्यंत लिफ्टमधली माणसं मला कॅनडातल्या थंडीबद्दल विचारायला लागली होती. मीही काही कमी नाही, थंडी फार असते म्हणून सांगून टाकलं.

तुमची ती अट मला एका वाचनात समजली. त्यात स्वीडनचं काही नाही गं. डोंबिवलीला आमच्याकडे सगुणाबाई कामाला होत्या, त्या गावी जाताना बदली बाई दिल्याशिवाय कधी गेल्या नाहीत. आणि त्यांची बदली नेहमी थोडी उन्नीस असायची. एक भाजी खारट करायची, दुसरी कपबशा फोडायची. सगुणाबाई परत आल्या की आई त्यांना हळदीकुंकू लावायची तेवढी बाकी ठेवायची. आपल्यापेक्षा चांगली बदली देणारी बाई मी आजवर पाहिली नाही.

काल स्वेटर घालून रिंकवर गेले. तुझी इनाया पाहिली. काय मुलगी आहे! नुसती लवलवते. तिच्या वडिलांचं शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात गॅरेज आहे. त्यांनी मला बहेनजी बहेनजी करत चहा पाजला आणि मुलगी पाठवायला एका पायावर तयार झाले. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. तो कॅनडाचा माणूस मार्चमध्ये येणार, आणि समोर ही उभी असणार. मग तो तुला कशाला घेईल? आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा कोण पाडून घेतं?

म्हणून मी ठरवलंय, आपली धाकटी काव्याच येईल. तू गेल्यापासून ती तुझे जुने पॅड बांधून रिंकवर उभी असते. संध्याकाळी तिथे मोठ्या माणसांचे सामने असतात, त्यांना गोलकीपर मिळत नाही म्हणून ते इथे नोकरीला आलेले कॅनडाचे बँकवाले हिला बोलावतात आणि ही हौसेने मार खायला जाते. बारावी झाली आहे, कॉलेज सप्टेंबरात, रिकामीच आहे. अट पुरी होईल, जागा घरातल्या घरात राहील आणि तुला धोका नाही. काव्या तुझ्यापुढे उन्नीसच आहे, आणि आपल्याला उन्नीसच हवी.

बाबांचं मत इनायाला पाठवावं असं पडलं. त्यांचं मत मी ऐकून घेतलं. काव्याच्या व्हिसाचे कागद सोमवारी देते आहे, मेतकूट तिच्याबरोबर येईल.

जपून राहा. आमचा लोभ तुला मागावा लागत नाही, तरी पत्रात लिहीत जा, बरं वाटतं.

तुझी आई,
सौ. अनुराधा


ग्रानविक
१६ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

काव्या पोचली. मेतकूट पोचलं. तुझ्यावरचा माझा राग अजून जाग्यावर आहे.

मी इनायाचं नाव दिलं होतं, आई. तू मला न विचारता सगुणाबाईंचा सल्ला घेतलास. गुनिलाबाईंना मी काय सांगणार होते, की आमच्याकडे बदली मुद्दाम कच्ची देतात? मी नुसतं एवढंच म्हटलं, की ही माझी बहीण आहे. त्यांनी काव्याला बर्फावर उतरवलं, तासभर बघितलं आणि चालेल म्हणाल्या. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू?

आता दुसरी गोष्ट सांगते. काव्याचं सगळं चुकीचं आहे. गुडघे चुकतात, हात फार वर असतो, उठायला वेळ लागतो. आणि तरी चकती काही हिला चुकवून गोलात जात नाही. इथल्या मुली नेम धरून, शिस्तीत मारतात. आपले बँकवाले दिवसभराचा ऑफिसचा राग काढल्यासारखे मारायचे, त्यात ही तयार झाली आहे. हिला कुठूनही काहीही येईल याचीच सवय आहे. तू हिचा एकतरी सामना शेवटपर्यंत बसून पाहिला आहेस का?

मार्चमध्ये आमच्याच मुलींचे दोन संघ करून सामना होणार. एका गोलात मी, समोरच्या गोलात काव्या. तू काळजी करू नकोस. माझी इथे दोन वर्षं झाली आहेत, तिचे दोन आठवडे. जागा माझीच आहे.

रात्री ती घोरते हे मात्र तू मला सांगितलं नव्हतंस. लोभ आहेच, रागामुळे तो कमी झालेला नाही.

तुझी,
आभा


ग्रानविक
२३ मार्च २०२५

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि. हे मी ताईच्या पत्रातून कॉपी केलंय. माझं मराठी स्पेलिंग चुकलं तर ॲडजस्ट कर.

आई, कॅनडाच्या कोचनी मला सिलेक्ट केलं. ताईला नाही. ताईने फोनवर तुम्हाला नुसतं रिझल्ट लागला एवढंच सांगितलं आणि ठेवला, म्हणून मी लिहितेय. कोचनी सांगितल्यावर पहिली मिठी ताईनेच मारली. मग ती चेंजिंग रूममध्ये गेली आणि खूप वेळ बाहेर नाही आली. मी दाराबाहेर बसून राहिले. आत जायची हिंमत नाही झाली.

मला माहीत होतं तू मला का पाठवलंस. तू किचनमध्ये बाबांना समजावत होतीस तेव्हा मी हॉलमध्ये शूज घालत होते. उन्नीस म्हणालीस. मला खूप लागलं, तरी मी बॅग भरली. मला वाटलं, निदान बर्फावर तरी उभं राहायला मिळेल.

इकडच्या रूलप्रमाणे मलाही बदली द्यावी लागते. गुनिलाने विचारलं, तर मी ताईचं नाव सांगितलं. दुसरं कुणाचं सांगणार?

मला जायचंय, आई. हे मी पहिल्यांदा सांगतेय, कारण आधी कुणी मला विचारलंच नव्हतं. पण ताईची जागा घेऊन जायचं असेल तर मी नाही म्हणेन. एक आठवडा वेळ आहे. तू सांगशील तसं करते.

बाबांना हग. लोभ ठेव, माझ्यावर पण.

काव्या


करामा, दुबई
२५ मार्च २०२५

चि. आभास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काव्याचं पत्र आलं. रमजानमुळे ऑफिस लवकर सुटतं, घरी येऊन नुसती बसून असते. पाडवा रविवारवर आलाय आणि अजून गाठीसुद्धा आणलेली नाही. तुझ्या वाट्याचा घास मी आपल्या हाताने काढला गं. चांगली इनाया नको म्हणून घरातली धाडली, आणि घरातलीनेच तो घास नेला. माझी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

पण अजून वेळ गेलेली नाही. काव्या मी सांगेन तसं करायला तयार आहे. पोर गुणी आहे. तिला अजून पुष्कळ वर्षं पडली आहेत, तुझी दोन वर्षांची मेहनत आहे, आणि मोठीला बाजूला सारून धाकटीला पुढे करणं मला पटत नाही. ती नाही म्हणाली की जागा आपसूक तुझ्याकडे येईल. तू होय म्हण, मी तिला कळवते. चार दिवस फुगेल, मग विसरेल. धाकट्या विसरतात.

बाबांनी मात्र तुला विचारल्याशिवाय काव्याला एक अक्षर लिहायचं नाही अशी ताकीद दिली आहे. दोघींना मी एकाच पोटातून काढलंय ना, असंही विचारलं. एरवी आवाज न चढवणारा माणूस, मला रडूच आलं.

लवकर लिही. आईवरचा लोभ या वेळी तरी सांभाळून घे.

तुझी आई,
अनुराधा


ग्रानविक
२७ मार्च २०२५

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

नाही. आणि तू काव्याला असं काही लिहिलंस तर यापुढची माझी सगळी पत्रं इंग्रजीत येतील.

धाकट्या विसरत नाहीत, आई. तो शब्द ती करामाहून इथपर्यंत घेऊन आली आणि दीड महिना माझ्या शेजारी झोपली, तरी माझ्याजवळ एकदाही बोलली नाही. तिने तुला लिहिलेलं पत्र मला वाचायला दिलं तेव्हा कळलं.

तू म्हणतेस तुझ्यामुळे माझी जागा गेली. तसं नाही. सामन्यात मी चांगली खेळले. खूप चांगली. तू असतीस तर ओरडून घसा बसवला असतास. पण ती माझ्यापेक्षा चांगली खेळली. शेवटी शेवटी तर मी माझा गोल सोडून तिच्याकडे बघायला लागले आणि गुनिलाबाईंच्या शिव्या खाल्ल्या. तिने नाही म्हटल्यावर मिळालेली जागा घेऊन मी कॅनडात कुणासमोर उभी राहू? मला वाईट वाटलं, मी खूप रडले, आता रडून झालंय. काल तिला मी स्वतः गुनिलाबाईंकडे नेलं आणि तिने होय सांगितलं. आता यात बदल नाही.

तू एवढंच कर. इतकी पत्रं तू मला लिहिलीस, तिला एकही नाही. आज बसून तिला एक लिही. त्यात माझी काळजी नको, माझ्यासाठी निरोप नको, मोठी-धाकटीचा हिशेब नको. पाकिटावर फक्त तिचं नाव घाल. पाडव्याची गाठी आणायला बाबांना पाठव आणि या वेळची जिलबी काव्याच्या नावाने वाट. लिफ्टमध्ये कुणी मोठीचं काय झालं म्हणून विचारलं, तर सांग की ती ग्रानविकचा गोल राखते आहे.

बाबांना नमस्कार. आवाज चढवल्याबद्दल माझ्याकडून शाबासकीही. लोभ आहे तो दोघींना सारखा वाढावा.

तुझी,
आभा

ता. क. पुढच्या मार्चमध्ये ते प्रशिक्षक परत येणार आहेत. त्या वेळी मला मागे टाकायला तुझ्याकडे तिसरी मुलगी नाही.