ईशूच्या शाळेत माझा नंबर

८ जुलै, मंगळवार
ईशूनं ही वही दिली. तिची गेल्या वर्षीची, दुसरीची, मागून अर्धी कोरी. तिच्या शबाना मॅडमनी वर्गाला सांगितलंय, रोज पाच ओळी लिहायच्या, दिवसभरात जे झालं ते. ईशू म्हणे, "मी एकटीच का लिहू? तू पण बस." नातीनं बसवलं, बसले. पाच झाल्या का? झाल्या असतील.

मोठी बातमी राहिलीच. शाळेनं ॲप काढलंय. आता चिठ्ठी नाय, सगळं मोबाईलवर. एका पोरामागं एकच नंबर. सुधाकरला कंपनीत फोन आत नेऊ देत नाहीत. सूनबाई मनीषा लॅबमधी दिवसभर लोकांचं रक्त काढती, तिचा फोन पर्समधी. सुधाकर म्हणाला, "आई घरीच असती, आईचाच टाका." टाकला. तिसरीतून उठलेली बाई मी, माझा नंबर शाळेत गेला!

१० जुलै, गुरुवार
स. १०.४० ला टिंग. उघडलं तर ईशूच्या नावापुढं हिरवा ठिपका. म्हंजे पोचली, बाकावर बसली. मी इथं मुकुंदवाडीत शेंगा सोलतेय अन् मला ठावं, पोरगी बाकावर बसली. सुधाकर शाळेत जायचा तवा संध्याकाळपस्तोर कळायचं नाय, पोरगं वर्गात हाय का चिंचेवर. बहुतेक चिंचेवर.
शेंगा राहिल्या. ठिपकाच बघत बसले. हलत नाय तो.

१५ जुलै, मंगळवार
मॅडमचा निरोप: उद्या पट्टी आणावी, धन्यवाद. मी लिहिलं, जेवलात का मॅडम. कुणी एवढा घरी सांगावा धाडलाय, त्याला दोन शब्द विचारायचे नाहीत का.
सं. मनीषानं बघितलं. "अहो आई, ते फक्त वाचायचं असतं!" कपाळाला हात. पण खाली मॅडमचं उत्तर आलेलं: हो आजी, भेंडी होती. तुम्ही?
मनीषाला बोटानं दाखवलं. ती हसत आत गेली.

२४ जुलै, गुरुवार
ईशू रागावली. ॲपवर आलं होतं, वर्ग चालू असताना दोनदा जागा सोडून उठली. मी विचारलं, का उठली गं?
"तू काय शाळेच्या खिडकीत बसलीस का?"
"का उठली ते सांग."
"खोडरबर पडला."
"दोनदा?"
"दोन खोडरबर होते."
बापावर गेली. चिंचेचंच झाड.
भाजी आज बिघडली, मीठ दोनदा पडलं. बडबडीत.

६ ऑगस्ट, बुधवार
मोबाईल बादलीत पडला. धुण्याच्या. तांदळात ठेवला, उन्हात ठेवला, मेलाच. फोनचं काय एवढं, पण त्यात ईशूचा महिनाभराचा अभ्यास, ठिपके, भेंडी, मॅडमनी आपल्या आवाजात वाचून धाडलेले धडे. ते धडे मी दुपारी ऐकते, पुढ्यात पुस्तक धरून, बोट ओळीवर. कुणाला सांगितलं नाय अजून. सगळं गेलं पाण्यात.

१० ऑगस्ट, रविवार
सुधाकरनं दुसरा फोन आणला. सिम घातलं, ॲप उघडलं, तर सगळं जसंच्या तसं! भेंडीसकट!
मी विचारलं, हे इतके दिवस होतं कुठं?
"क्लाउडवर," ईशू म्हणे.
"म्हंजे कुठं?"
"क्लाउडवर म्हणजे क्लाउडवर."
सुधाकरला विचारलं, तो म्हणे असतं कुठंतरी. त्यालाही ठाव नाय. कंपनीत सुपरवायझर हाय पण.

२३ ऑगस्ट, शनिवार
पालकसभा. मीच गेले. पांढरी साडी काढली, मग वाटलं लईच साधी, बदलली. मॅडम लहान हाय, पंचविशीची असंल. खुलताबादची. गोरी, चष्मा. म्हणाली, "तुम्हीच भेंडीवाल्या आजी ना?"
मी तिला तेच विचारलं, क्लाउड म्हंजे कुठं. बादलीचं सगळं सांगून. ती म्हणाली, कुठल्यातरी लांबच्या गावात मोठे-मोठे कॉम्प्युटर असतात, सगळ्या शाळेचं तिथं जमा होतं, तुमच्या फोनमध्ये फक्त दिसतं.
मी म्हणलं, मग पेवावाणी म्हणा की. आमच्या कन्नडकडं जमिनीत पेव असायचं, ज्वारी त्यात. घर गळलं तरी दाणा कोरडा.
मॅडम म्हणाली, "बराबर आजी. फक्त इथं ज्याचा नंबर त्यालाच त्याचं पेव उघडतं." मग पुढच्या पालकांना तिनं तेच सांगितलं, पेवासारखं असतं म्हणून. माझंच! शेजारच्या बाईला सांगावंसं वाटलं, ते मी बोलले.
परत येताना रिक्षात मनात घोळत होतं, ज्याचा नंबर त्यालाच.

९ सप्टेंबर, मंगळवार
पोरांना काम दिलंय: घरच्या मोठ्यांना लहानपणीचा खेळ विचारा, आवाज भरून पाठवा. मी सागरगोट्यांचं सांगितलं. बोलत गेले. कुकरची शिट्टी पण भरली गेली, दूधवाला पण. मॅडमनी वर्गात मोठ्या पडद्यावरून ऐकवलं. ईशू आली ती उड्या मारतच. "आजी, सगळे हसले, पण चांगलं हसले! मॅडम म्हणे दुसरा खेळ पण सांगा."
आता कुठला सांगू. बिट्ट्या, लगोरी, का फुगडी. फुगडी सांगून कशी कळंल, घालून दाखवावी लागंल.

१ ऑक्टोबर, बुधवार
खंडेनवमी. पाटावर मांडणी केली. विळा, अडकित्ता, सुधाकरचे पाने-पकड, मनीषाची सुईची डबी (नवी, बंद), ईशूची पाटी, पुस्तकं. मांडून झालं अन् वाटलं, पुस्तकं मांडली पण पोरीची शाळा तर मोबाईलमधी हाय. मग त्याला का बाजूला ठेवायचं. बंद केला, पूजेत वाजायला नको. पुसला. हळद-कुंकू, झेंडूचं फूल. लई शोभला. आमच्यात मांडलेलं उद्या सोनं लुटून येईस्तोवर हलवत नाहीत. त्यालाही आराम.

२ ऑक्टोबर, गुरुवार
सं. आपट्याची पानं वाटून झाली, मग पूजा उचलली, मोबाईल चालू केला. टिंग टिंग टिंग.
शनिवारी दौलताबादची सहल. काल दु. ३ ला आलेलं. आज १२ वाजेपर्यंत "हो" दाबा, गाडीतल्या जागा सांगायच्या आहेत.
सहा वाजले होते. दाबलं. दाबलंच जात नाय. बटण राखाडी झालं होतं.
मॅडमना फोन लावला. "आजी, गाडी भरली. मी वाट पाहिली साडेबारापर्यंत. वाटलं तुम्ही नाही म्हणताय."
ईशूला अजून

३ ऑक्टोबर, शुक्रवार
सांगितलं. ओरडली नाय. ते बरं नाय वाटलं. नुसतं विचारलं, "फोनची पूजा का केली?"
सुधाकर ओरडला. तो ओरडला ते बरं वाटलं.

४ ऑक्टोबर, शनिवार
१०.४० ला टिंग नाय. ईशू घरात.
दु. फोटो यायला लागले. किल्ल्याच्या दारात पोरं, मोठ्या तोफेपाशी पोरं, अंधारीच्या बोगद्यातून बाहेर आलेली पोरं, सगळ्यांचे डोळे बारीक. मला वाटलं लपवावा फोन. पण ईशू मागून येऊन बसली, माझ्या खांद्यावर हनुवटी. "मोठं कर." मोठं केलं. "ही श्रावणी. हा कैफ, तो घाबरला असंल अंधारीत." एकेक बघितला. सगळे संपल्यावर म्हणाली, "आजी, परत पहिल्यापासून."
परत पहिल्यापासून.

५ ऑक्टोबर, रविवार
सुधाकर म्हणाला, दिवाळीनंतर नंबर बदलायचा, मनीषाचा टाकायचा. मी म्हणलं, एकदा चुकलं.
"एकदा चुकलं पण कुणाचं गेलं?"
खरं हाय. पण मी म्हणलं, तिचा फोन तर पर्समधी. तवा मनीषा बोलली. ती कधी बोलत नाय अशी. म्हणाली, "आई, तुम्हाला हिरवा ठिपका दिसतो. मी दिवसभर दुसऱ्यांच्या लेकरांचा हात धरते. माझी कधी बसली, कधी उठली, ते मला संध्याकाळी तुमच्याकडून कळतं. ते पण तुम्हाला आठवेल तेवढं. मी जेवताना बघत जाईन ना."
मला कधी सुचलंच नव्हतं. तीन महिने.
तिला मग दोन खोडरबरचं सांगितलं. ते मी सांगितलंच नव्हतं तिला. हसली, मग डोळे पुसले.

९ ऑक्टोबर, गुरुवार
शाळेत गेले, ईशूला आणायच्या निमित्तानं. मॅडमना पूजेचं सांगितलं. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आमच्या अम्मीनं पण पहिला कॉम्प्युटर घरी आला तेव्हा त्याला नवं कापड शिवलं होतं. झाकून ठेवायची. कोई हात नको लावू."
दोन नंबर चालतील का विचारलं.
"नाही घेत आजी. मी लिहून पाठवलंय त्या ॲपवाल्यांना. करतील कधीतरी. आत्ता एकच." मग म्हणाल्या, दुसऱ्या सत्राच्या आधी ॲप स्वतःच विचारतं, हाच नंबर ठेवायचा का. ज्याचा असेल त्यालाच विचारतं.
म्हंजे मला.
हे घरी सांगितलं नाय.

२३ ऑक्टोबर, गुरुवार
भाऊबीज. बाळू आला, माझा धाकटा भाऊ, कन्नडवरून एसटीनं. केस सगळे पिकले. बाळू झाला त्या दिवाळीत मी तिसरीत होते. आई बाळंतीण, वावरात कापूस, बाळूला कोण घेणार. सुट्टी संपली सगळ्यांची, माझी संपलीच नाय. पुस्तक अर्धं राहिलं. पुढं बाळू शिकला, मास्तर झाला, रिटायर पण झाला. मी त्याचा कधी राग केला नाय, लई गोड पोर होतं.
त्याला ॲप दाखवलं. त्याचा अंगठा भलतीकडंच लागायचा. "थांब मास्तर," म्हणलं, "असं." धडा लावून दिला, मॅडमचा आवाज. मी पुस्तकावर बोट फिरवून वाचलं सोबत. एकदाच अडले.
बाळू बघतच राहिला. "ताई, तू हे कधीपासून?"
"जुलैपासून. सहामाहीपर्यंत झालं."
ओवाळणीचं पाकीट मागं घेतलं, म्हणे थांब, आणि बाहेर गेला. आला तर शाईचं पेन. त्यानंच लिहितेय. गळतं जरा.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार
आलं.
"दुसऱ्या सत्रासाठी हाच नंबर ठेवायचा आहे का? ठेवा / बदला." रविवारी रात्री ८ पर्यंत.
घरात मी एकटी. दोन्ही बटणं सारखीच मोठी. ठेवा निळं, बदला पांढरं. बंद केला. परत उघडला, तिथंच होतं.

१ नोव्हेंबर, शनिवार
ईशूला विचारलं, तुला काय वाटतं, शाळेचं कुणाच्या फोनवर यावं?
"मम्मीच्या आलं तर मम्मी सारखी सारखी फोन करंल."
"मग माझ्या?"
"तू पूजा करशील." मग विचार करून म्हणाली, "पण मॅडमचं वाचन तू ऐकलं नाय तर मला कठीण शब्द कोण विचारणार? मी तुला शिकवते म्हणून मला येतात."
म्हंजे हिला ठाव होतं. दुपारचं.
आता जास्तच अवघड झालं.

२ नोव्हेंबर, रविवार
उद्या शाळा. मॅडमनी धडा आजच पाठवून ठेवलाय. दिवाळीनंतरचा पहिला. मी इथपर्यंत कधी आलेच नव्हते. उघडला नाय. आधी हे.
सकाळपासून मनात दोन बोलणी. एक, ठेवा दाबायचं अन् म्हणायचं मला कळलंच नाय, कुठलं बटण ते. लोकांना पटंल. दुसरं, बदला दाबायचं गुपचूप, अन् उगं मोठेपणा. दोन्ही नको वाटलं. भेंडीच्या वेळी मॅडमनी "तुम्ही?" विचारलं, तवा पण मी खरं सांगितलं होतं, मेथी.
सव्वासात झाले. सुधाकर ईशूच्या वह्यांना कव्हर घालतोय, वाकडी घालतोय. मनीषा कणीक मळतेय. मी फोन पाटावर ठेवला, बटणं दिसतील असा, अन् हाक मारली, "मनीषा, हातातलं ठेव, इकडं ये. शाळेनं विचारलंय."
"काय विचारलंय?"
"ये तर. तुझा फोन पण आण."
"आले, हात धुते."
तवर हे लिहितेय. तिला काय सांगायचं ते अजून ठरलं नाय. आधी तिला तो नवा धडा ऐकवावा म्हणते, दोघींनी मिळून, मग बघू.
नळ बंद झाला. आली.