पोह्यांवरची शेव

चि. निनादराव,
अनेक आशीर्वाद.

परवा मी घरच्या ग्रुपवर इथल्या पोह्यांचा फोटो टाकला. वर शेव, शेजारी जिलबी. तुम्ही लिहिलंत, "ही पोह्यांची विटंबना आहे." माझं डोकंच फिरलं. मी लिहिलं, "पुण्याचा माज पुण्यातच ठेवा." तेही अधिक महिन्यात, जावयाला! तुम्ही ग्रुप सोडलात. गौरी म्हणते, "आई, धोंड्याच्या जेवणाला आता आमचं येणं होणार नाही."

अहो, दिवाळीत बरखेड्याच्या ह्याच घरात तुम्ही हेच म्हणाला होतात. तोंडात घास होता. "आई, ही पोह्यांची विटंबना आहे," म्हणालात आणि बशी पुढे केलीत. मी हसत हसत आणखी शेव घातली. शब्द तेच, आपण दोघंही तेच. मग या वेळी राग कुठून आला? माझा मलाच कळत नाही, तुमचा काय कळणार!

हे म्हणतात, फोन कर. पण फोन हातात घेतला की पुन्हा काहीतरी भलतंच बोलून बसेन अशी भीती वाटते. म्हणून कागदावर लिहितेय. हेही पाठवेन की नाही, ठाऊक नाही.

अनारशांचे तांदूळ मात्र आज सकाळी भिजत घातलेत.

तुमच्या बशीकडे लक्ष असलेली,
आई