मामाजींच्या जागी गेले तो दिवस

मामाजी, गच्चीवर गाद्या वाळत घातल्या आहेत आणि त्यांच्यापाशी सावली धरून हे लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. आता नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या या घरात मीच सासू आहे. माझी सून पुण्याकडची. सासऱ्याला कोणी मामाजी कसं म्हणतं, याचं तिला नवल वाटतं. मी तिला सांगितलं, आमच्याकडे असंच, सासरे मामाजी आणि सासू आत्याबाई. मग तिने विचारलं, "कसे होते हो ते?" मी म्हटलं, "चांगले होते," आणि पुढे काही सांगताच येईना. तुमच्या काटोल गावात तुम्हाला ओळखणारा प्रत्येक जण एवढंच म्हणतो. पण चांगले तर पुष्कळ असतात. तुम्ही कसे होता, ते एकदा कागदावर उतरवून बघावं असं वाटलं.

तुमचं दुकान फळबाजाराच्या रस्त्यावर. दोर, ताडपत्र्या, बांबूची टोपली. तुम्ही गल्ल्यावर सापडालच याची मात्र खात्री नसे. काटोलात किंवा आजूबाजूच्या खेड्यात कोणाला नागपूरच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं झालं, की लोक आधी तुमच्याकडे येत. त्यांना आजारापेक्षा त्या इमारतीची धास्ती जास्त. चिठ्ठी कुठे काढायची, कोणत्या दाराने आत जायचं, रक्त आणायला सांगितलं तर कुठे पळायचं. तुम्ही शटर अर्धं ओढायचे, शेजारच्या चहावाल्याला लक्ष ठेवायला सांगायचे आणि त्यांच्यासोबत एसटीत बसायचे. कोण, कुठला, कोणत्या जातीचा, हे तुम्ही विचारलेलं मी तरी ऐकलं नाही. दुपारी इथे नागपुरात आमच्या दारात तुमचा आवाज यायचा, "बेटा, चार पोळ्या जास्तीच्या टाकशीन काय? पेशंटची माय सकाळपासून उपाशी आहे." मी कणीक भिजवायची, तुम्ही तोवर कांदा चिरून द्यायचे. सासऱ्याने सुनेच्या ओट्यापाशी उभं राहून कांदा चिरायचा, हे मी माहेरी कधी पाहिलेलं नव्हतं. पहिल्यांदा तर मी विळीच लपवली होती.

आत्याबाई मात्र कातावायच्या. "साऱ्या गावचे झाले तुम्ही, घरचे कधी होसान?" असं म्हणत म्हणतच त्या तुमचा डबा बांधायच्या, आणि त्यात दुसऱ्या कोणाला पुरेल एवढी भाजी हमखास असायची. तुम्ही कधी उलटून बोलला नाहीत. संध्याकाळच्या गाडीने परतताना त्यांच्यासाठी पान बांधून न्यायचे. त्या ते पान रुसूनच घ्यायच्या, पण मी काटोलला गेलेली असले, की रंगलेले ओठ मला नंतर दिसायचे.

मग त्यांना लकवा झाला. त्या दिवशी तुम्ही कोणा दुसऱ्याच पेशंटसोबत नागपुरात होता. शेजाऱ्यांनी त्यांना काटोलहून गाडीत घालून आणलं. दवाखान्याच्या दारात तुम्ही कोणासाठी तरी स्ट्रेचर बघत उभे, आणि समोर येऊन थांबलेल्या गाडीत तुमचीच बायको. तुमचा मुलगा तेव्हा तिथे पोचला होता. त्याने तुमचा चेहरा पाहिला, पण तो कसा होता हे मला आजवर सांगितलेलं नाही. त्या वाचल्या. उजवी बाजू गेली, बोलणं अर्धं राहिलं. तुम्ही दुकान पुतण्याच्या हवाली केलं आणि त्यांना घेऊन आमच्याकडे राहायला आलात.

त्यानंतरचे तुम्ही मला जास्त आठवता. सकाळी आत्याबाई बाल्कनीत खुर्चीवर बसल्या आहेत, ऊन त्यांच्या मांडीवर आलं आहे, आणि तुम्ही मागे उभे राहून त्यांचे केस विंचरता आहात. वेणी घालायला मी शिकवलं तुम्हाला. पहिली वेणी तुम्ही अशी पिळली, की आत्याबाई वाकड्या तोंडाने म्हणाल्या, "दोर नोहे हा." आजार आल्यापासून त्या पहिल्यांदा हसल्या होत्या, आणि तुम्ही तोंड फिरवून खालचा रस्ता बघत राहिलात. समोरच्या घरातले लोक बघायचे, तुम्हाला त्याचं काही नसे. पण काटोलहून फोन आला की तुम्ही म्हणायचे, "आता जमत नाही गा, माफ कर." फोन ठेवून बराच वेळ तिथेच उभे राहायचे.

असाच एकदा फोन आला. कोणी तरुण मुलगा काविळीने आडवा पडलेला, सोबत फक्त त्याची बायको, आणि तिने नागपूर कधी पाहिलेलं नाही. तुम्ही नाही म्हणालात. आत्याबाई खाटेवरून सगळं ऐकत होत्या.

"जा ना," त्या म्हणाल्या.

"तुले सोडून नाही जात मी. एकदा गेलो तेवढं पुरे."

आत्याबाईंनी चांगला हात उचलून माझ्याकडे केला. "हिले पाठवा."

मी दारात तांदूळ निवडत होते. जवळच्या सक्करदऱ्याच्या बाजारापलीकडे मी एकटी कधी गेलेली नव्हते. तुम्ही माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "जाशीन काय बेटा? नाही म्हटलं तरी चालते." तसं म्हणालात म्हणूनच मी हो म्हटलं असेल. निघताना तुम्ही फाटकापर्यंत आलात. "सल्ला नको देऊ. तिच्यापुढे चालू नको, बाजूनं चाल. आणि तिनं काही खाल्लं का ते विचार. बाकी तुले तिथं समजते."

ती मुलगी माझ्याहून बरीच लहान होती. नवऱ्याला आत घेतल्यावर आम्ही दोघी बाहेरच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलो. तिने पोळीचा तुकडा हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. मधूनच सांगायची, यंदा संत्र्याला बहार चांगला धरला आहे, सासरा म्हाताऱ्या म्हशीसाठी घरी थांबला आहे, नवऱ्याला वांग्याची भाजी आवडत नाही. मी हं, हं करत राहिले. दुपार कलता कलता आतून डॉक्टर आले. तरुणच होते. तिचा नवरा गेला, असं त्यांनी सांगितलं. ती उठली, आत धावली, आणि मी जिन्यापाशी जाऊन तुम्हाला फोन लावला.

"मामाजी, तो गेला. मी काय बोलू तिच्याशी?"

"काही नको बोलू. तिच्या पायात चप्पल आहे काय, पाह्य."

मला वाटलं, तुम्हाला नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगितलं.

"ऐकलं मी बेटा. घरून निघताना लोकाले भान राहत नाही. दिवसभर अनवाणी फिरतात, आन् आता तिले त्याच्यासंगं गावाले जा लागन. पाह्य तू."

मी आत गेले. ती नवऱ्याच्या उशाशी उभी होती. तिचे पाय काळवंडले होते, एका अंगठ्याला ठेच लागून रक्त सुकलं होतं. सकाळपासून मी तिच्या बाजूने चालत होते आणि मला ते दिसलं नव्हतं. मी माझ्या चपला काढून तिच्या पायांपुढे ठेवल्या. तिने माझ्याकडे न बघताच पाय सरकवले. गाडी मिळेपर्यंत, माणसं येईपर्यंत मी तिथे थांबले. ती निघाली तेव्हा तिला चपला जरा मोठ्या होत होत्या.

ऑटोने घरी आले. तुम्ही फाटकातच होता. मी काही बोलायच्या आधी तुमची नजर माझ्या पायांवर गेली. तुम्ही मला न्हाणीघराकडे नेलंत, स्टुलावर बसवलंत, बंबातलं पाणी बादलीत काढलंत आणि तांब्याने माझ्या पायांवर ओतू लागलात. मी पाय मागे घेतले. "मामाजी, नका, बरं दिसत नाही." "बस तू," एवढंच म्हणालात. कोमट पाणी होतं. मला तेव्हा रडू आलं, आणि तुम्ही पाणी ओतत राहिलात. आतून आत्याबाईंनी विचारलं, "आली काय?" तुम्ही म्हणालात, "आली. मी चहा ठेवतो तिच्यासाठी."

त्यानंतर फोन आला की मीच जात राहिले. काही पेशंट बरे होऊन घरी गेले, काही नाही. आत्याबाई गेल्या, मग पुढच्याच उन्हाळ्यात तुम्ही. काटोलात तुमच्यासाठी सभा झाली. समाजाच्या हॉलमध्ये माणसं मावेनात, फळबाजारातले हमाल दारात उभे होते. एकाने भाषणात सांगितलं, त्यांच्या सुनेने त्यांचा वसा घेतला, सासऱ्यासाठी ती हे करते. सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

मामाजी, ते काही खरं नाही. त्या दिवशी व्हरांड्यात बसले असताना मी पाणी आणायला उठले, तर त्या मुलीने माझा पदर धरला होता. "तुम्ही जाऊन नाही ना राहिले?" असं तिने विचारलं, मी निघाले की काय या भीतीने. लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती, घरात मला सगळे चांगलंच वागवत होते, तरी मी थांबावं म्हणून माझा पदर कोणी धरला नव्हता. पुढे प्रत्येक वेळी मी गेले ती त्यासाठी. तुमच्यासाठी नाही, समाजासाठीही नाही. मला ते आवडायला लागलं होतं. हा कागद मी कोणाला दाखवणार नाही. तुम्हालाही तसंच वाटायचं का, हे एकदा विचारायचं मनात होतं. तुम्ही कांदा चिरत असताना पुष्कळदा जिभेवर आलं, पण विचारलं नाही.