सीझन लागला की कामाला जाणारा मुलगा

किन्हवली

ती. दादास,

जयाचा वाकून नमस्कार. वहिनींनाही नमस्कार, पण त्यांना हे पत्र दाखवू नकोस. तुझा गुडघा कसा आहे? मी दिलेलं तेल लावतोस की नुसतं खिडकीत ठेवलंयस? आमच्याकडे सगळे बरे आहेत, भात कापून झालं, झोडणी अर्धी राहिलीय. हे सगळं फोनवर बोलता आलं असतं, पण तू फोन स्पीकरवर टाकतोस आणि वहिनी मागून "हो ना, हो ना" करतात. शिवाय आमच्या घरातला फोन हल्ली अक्षदाच्या हातातून सुटत नाही. म्हणून हे पत्र रघूच्या जीपने पाठवते आहे. पाकीट उघडलेलं दिसलं तर लगेच कळव, रघूवर माझा तसा विश्वास नाही.

विषय अक्षदासाठी तू आणलेल्या स्थळाचा. तू म्हणालास, मुलगा फुटबॉलच्या मोठ्या टीममध्ये आहे, देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, जी टीव्हीवर दिसते. मी खूश झाले. मग विपुल बघायला आला तेव्हा कळलं की तो खेळत नाही, खेळणाऱ्यांचे कपडे, मोजे, बूट सांभाळतो. तेही चालेल. (आमच्या घरातले मीच सांभाळते, मला कुणी टीममध्ये घेतलेलं नाही.) पण सध्या कामावर कधी जाता विचारलं तर म्हणाला, "सीझन लागला की." सीझन कधी लागणार? "तारीख जाहीर व्हायचीय." कोण करणार? "वरचे लोक." दादा, मी भाताचा सीझन ऐकलाय, आंब्याचा, वीटभट्टीचा, लग्नाचा ऐकलाय. ज्याची तारीख वरच्यांनासुद्धा ठाऊक नाही असा सीझन पहिल्यांदाच ऐकला. पोह्यांची बशी मी तेव्हाच जराशी मागे ओढली होती, तुझ्या लक्षात आलं नसेल.

त्यानंतर दर आठवड्याला अक्षदा सांगायची, आज मीटिंग आहे, उद्या ठरेल. उद्या आला की मीटिंग पुढे गेली. अक्षदाचे बाबा म्हणाले, असतं मोठ्या कामांत तसं. (ते कुणावरही विश्वास ठेवतात. मागच्या वर्षी दुभती म्हणून म्हैस आणली ती अजून आमच्याकडे नुसती पाहुणी म्हणून राहते आहे.) मला शंका अशी की ह्या पोराला क्लबने कधीच काढून टाकलंय आणि हा सीझनच्या नावाने दिवस ढकलतोय. आणि ही दोघं फोनवर तासतासभर बोलतात काय, विचारलं तर अक्षदा म्हणते, खेळातलं ऑफसाइड. हा काय शब्द आहे तो तूच बघ. मला काही चांगल्या घरातला वाटला नाही.

शेवटी मी ठरवलं, आपण स्वतः जाऊन बघायचं. तुला मुद्दामच कळवलं नाही, तू आधी फोन करून चहा ठेवायला सांगितला असतास. सोबत जाऊबाईंना घेतलं, आपली लहानी (नावालाच लहानी, वयाने माझ्याहून मोठी). नाचणीचं बियाणं बघायला आलोय असं सांगायचं ठरलं. सरळगावला उतरून आत चालत गेलो तर विपुलच्या अंगणात, दादा, बूट! गोणपाटांवर ओळीने वीसेक जोड उन्हात मांडलेले, प्रत्येकात भाताचा पेंढा कोंबलेला. एकही माप दुसऱ्यासारखं नाही. काहींचा आकार आपल्या सुपाएवढा. बुटांच्या जिभेवर आकडे लिहिलेले. दोरीवर लालभडक मोजे, इथून तिथपर्यंत. लहानी मोठ्याने म्हणाली, "जया, एवढी माणसं घरात कुठं ठेवलीत गो?"

मला तर सगळं लख्ख दिसलं. देवळाबाहेरचे बूट पळवणारा! विपुल घरात नव्हता, त्याची आई बाहेर आली. बियाण्याचा विषय काढायचं राहूनच गेलं, मी सरळ विचारलं, हे कोणाचे? ती म्हणाली, खेळणाऱ्यांचे. मग ते अनवाणी हिंडतात काय? ती बाई हसली. म्हणे सीझनचं नक्की नाही म्हणून क्लबने सामानाची खोली रिकामी केली, दमट जागेत बुरशी येईल म्हणून विपुल सगळं घरी घेऊन आला, आठवड्यातून एकदा ऊन देतो. बोलणं गोड होतं. मला गोड बोलण्याची आधीच भीती वाटते. ती पाणी आणायला आत गेली आणि मी एक बूट उचलून पिशवीत टाकला. चोरी म्हणून नव्हे. तुला दाखवायला पुरावा हवा म्हणून.

सरळगावला परत येऊन जीपची वाट बघत उभ्या होतो, तेवढ्यात विपुल मोटरसायकलवर आला. पायात साधी चप्पल, कपाळावर घाम. मला नमस्कार केला आणि हळूच म्हणाला, "काकू, सात नंबरचा डावा तुमच्याकडं आलाय काय?"

मी म्हटलं, "कसला सात नंबर?"

लहानी म्हणाली, "दे गो जया, पिशवीतनं तोंड काढून बसलाय तो."

मी दिला. त्याने आतला पेंढा बघितला, बाहेरून हात फिरवला आणि मग श्वास सोडला. "बरं झालं सापडला. सात नंबरवाल्याला दुसरे बूट चावतात. सीझन लागला आणि हा नसला तर पोरगा खेळेल कसा?" एवढंच बोलला. दादा, शिव्या दिल्या असत्या तर मी दोन परत दिल्या असत्या, पण त्याने बूट रुमालात नीट गुंडाळला आणि माझी मान खाली गेली. मी म्हटलं, बाबा, तुझ्या आईला सांग, कुत्र्याने नेला होता.

तो म्हणाला, "आमचा कुत्रा बांधलेला होता, काकू."

"मग दुसऱ्याचा सांग."

"दुसऱ्याच्या कुत्र्यावर आळ कसा घेऊ? नाय जमायचं."

जीप येईपर्यंत तो उभा राहिला, आम्हाला पुढची जागा मिळवून दिली आणि घरी जाऊन आईला सगळं खरं खरं सांगितलं. संध्याकाळी तिचा फोन आला. ती इतकी हसत होती की स्पीकर न लावताच सगळ्यांना ऐकू गेलं. अक्षदा हसली नाही. म्हणाली, "आई, तू त्याला चोर समजलीस ना? मग माल कोणाच्या पिशवीत निघाला?" आणि डोळे पुसत आत गेली. दोन दिवस तिने माझ्या हातचा चहा घेतला नाही. खरं सांगते, ते मला फार लागलं. मीच एकटी चुलीपुढे बसून राहिले.

तरीही माझं मत विचारशील तर मला अजून शंका आहे. जो माणूस होणाऱ्या सासूसाठी एक साधं खोटं बोलू शकत नाही, त्याचा संसारात निभाव कसा लागणार? तेव्हा घाई नको. त्या लोकांना सांग, आम्ही विचार करतो आहोत. मुलीकडच्यांनी जरा ताणून धरलेलं बरं दिसतं.

वहिनींना काही सांगू नकोस. गुडघ्याला तेल लाव.

तुझी पाठची, आणि तुझ्याहून सावध,
जया

ता. क. साखरपुडा येत्या रविवारी, आमच्या अंगणात. सीझनची तारीख लागली! आता तो गेला की पुढचे काही महिने त्याला सवड नाही, म्हणून मीच त्याच्या आईला फोन करून दिवस पक्का केला. तू आदल्या दिवशीच ये, वहिनींनाही आण.

ता. क. दुसरा. येताना एक काम कर. इथे सगळ्यांनी विचारून विचारून भंडावलं, तेव्हा मी सांगून टाकलं की जावई टीममध्ये गोल अडवतो. कुणी तुला विचारलं तर तूही तेच सांग. अक्षदाच्या बाबांना मी पढवलं आहे.

ता. क. शेवटचा. विपुलला मात्र आधी तूच गाठ आणि हात जोडून समजाव की रविवारी तोंड उघडायचं नाही. पोरगा खरं बोलून बसेल आणि मी गावात खोटी पडेन.