दोन्ही पाय टेकणारी सायकल

प्रिय अनुया,

सायकलवरचा माझा फोटो पाहून तू विचारलंस, "वहिनी, या वयात हे काय नवीन?" मी नुसता हसरा चेहरा पाठवला. खरं उत्तर फोनवर देता आलं नसतं. तुझा दादा हल्ली दिवसभर घरीच, शेजारच्याच खोलीत असतो.

जूनमध्ये मला डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं, तेही तीन महिन्यांत. चालायला गेले तर गुडघे धरले. मग दादाच म्हणाला, सायकल घे. सेहेचाळीस वर्षांत मी कधी सायकलवर बसले नव्हते. न्यू पनवेलच्या दुकानात मला एकवीस गिअरची, बारीक चाकांची निळी सायकल आवडली. दुकानदार कुमार यांनी मला तिच्यावर बसवलं, तर पाय अधांतरी. ते म्हणाले, "ताई, गिअर नंतर बघू. शिकणाऱ्याचे दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. आणि आपल्या रस्त्यांना रुंद टायरच बरे." शेवटी पुढे दांडा नसलेली, जाड सीटची साधी लाल सायकल घेतली. मी हिरमुसले. दादा मात्र सीट खाली-वर करून तीनतीनदा बघत होता.

खांदा कॉलनीच्या मैदानात सकाळी साडेपाचला शिकायला लागले. दादा मागून कॅरियर धरायचा. दहा पावलांत त्याला धाप लागायची, मग बाकावर बसून सांगायचा, "खाली बघू नकोस, समोर बघ." दोनदा कोपर फुटलं. इराला माझी लाज वाटायची, पण पंधरा वर्षांच्या मुलीला आईची लाज वाटणारच. विसाव्या दिवशी मी न टेकता मैदानाला फेरी मारली. दादाने टाळ्या वाजवल्या, तेव्हा त्याचे तळवे मला पिवळे दिसले. पुढे मी शिरढोणपर्यंत जाऊन यायला लागले. भात सोडला, साखर सोडली. नऊ किलो उतरले.

अनुया, दादाला कावीळ झाली असं तुला सांगितलं होतं, पण ती साधी कावीळ नव्हती. त्याचं लिव्हर निकामी होत चाललंय. माझ्या लिव्हरचा तुकडा त्याला द्यायचा ठरलं होतं, पण माझ्या लिव्हरवर चरबी निघाली. ती उतरावी म्हणून ही सायकल. तुला कळवायचं नाही, अशी त्याने मला शपथ घातली होती.

काल पुन्हा स्कॅन झालं. चरबी कमी झाली आहे, पण पुरेशी नाही. डॉक्टर म्हणाले, अजून चार महिने असंच चालू ठेवा. दादाकडे चार महिने नाहीत. बाहेरून लिव्हर मिळण्याच्या यादीत नाव घातलंय, नंबर कधी लागेल ते कुणी सांगत नाही. इरा लहान, तिचं चालत नाही. डॉक्टरांनी दादाला विचारलं, सख्खं कुणी भावंड? तो म्हणाला, "नाही, मी एकटाच." मी शेजारी बसले होते आणि गप्प राहिले. घरी आल्यापासून तेच मनात घोळतंय. तुझा ओजस दोन वर्षांचा आहे, हे मी विसरलेले नाही. तुझा आणि दादाचा रक्तगट एकच आहे, एवढंच मला माहीत आहे. तपासून घे, असं लिहायला हात धजत नाही. नाही म्हणावंसं वाटलं तर कारण देऊ नकोस, फोनही करू नकोस. हे पत्र तुला मिळालंच नाही, असं मी समजेन.

तुझीच,
नीता वहिनी