फूटभर आखूड तलाव

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा फरशी आणि टाइल बसवणे (गुडघ्यांनी संप केल्यापासून बंद), स्थानिक पोहण्याच्या आणि वॉटर पोलो क्लबाच्या सात संस्थापकांपैकी हयात असलेल्या दोघांतला एक, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोके शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. लाज शाबूत आहे का, हे त्यांनी तपासलेले नाही. ते खालील मजकुरावरून ठरवावे.

१. राहते घर, माडीवरच्या खोलीसह, माझ्या नातीला द्यावे. ती सज्ञान होईपर्यंत जावयांनी सांभाळावे. बँकेत जे काही उरले असेल तेही तिचेच. माझ्या एकुलत्या एका मुलीच्या नावे मी काहीही ठेवलेले नाही. यावरून कोणी भुवया उंचावू नयेत. कारण कलम सहामध्ये आहे.

२. माझी हत्यारे, म्हणजे थापी, टाइल कापायचे यंत्र, पाणसळ आणि ओळंबा, माझ्या दिवंगत जोडीदार गवंड्याच्या मुलाला द्यावीत. तो याच धंद्यात आहे आणि बापापेक्षा हात साफ आहे. बाप मात्र शब्दाचा पक्का होता. मी घातलेली शपथ त्याने मरेपर्यंत मोडली नाही. ती घालणे हे माझे दुसरे पाप. पहिले कलम चारमध्ये येते.

३. गोलकीपरची माझी लाल टोपी, एक नंबरची, क्लबाने ठेवून घ्यावी. कपाटात ठेवली तरी चालेल, पण खाली चिठ्ठी लावावी की अंतिम सामन्यातला तो चेंडू रेषेच्या आत गेलेला नव्हता. आमचा डावरा, म्हणजे उरलेला दुसरा संस्थापक आणि सध्याचा सचिव, तेहेतीस वर्षे उलटे सांगत आला आहे. तो तेव्हा समोरच्या टोकाला होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी गेले होते. क्लबाच्या इतिहासात एवढी एक गोष्ट तरी माझ्या बाजूने खरी लिहिली जावी. बाकीचा इतिहास मीच खोटा करून ठेवला आहे.

४. तो असा. पन्नास वर्षांपूर्वी आम्ही सात जण बंद पडलेल्या दगडखाणीत साचलेल्या पाण्यात पोलो खेळायचो. तेलाच्या रिकाम्या पिंपांवर बांबू आडवा बांधला की झाला गोल. पुढे दहा वर्षे खेटे घातल्यावर तलावाला जागा मिळाली, आणि बांधकामाचे काम अर्थातच मी अंगावर घेतले. उद्घाटनाला आठवडा उरला असताना पाणी भरून पाहिले, तर उथळ बाजूची भिंत गळत होती. गिलाव्यात कसर माझीच राहिली होती. भिंत फोडायला वेळ नव्हता, आणि चूक सांगायला तोंड नव्हते. तलाव खाली करून मी आणि जोडीदाराने त्या भिंतीपुढे विटांची दुसरी भिंत चढवली, गिलावा केला, टाइल लावली. गळती थांबली. तलाव पंचवीस मीटरला एक फूट कमी झाला.

मोजणीचा दाखला आधीच मिळालेला होता. अध्यक्षांनी पंचवीस मीटरचा फलक रंगवून घेतला होता. मी मनाशी म्हटले, फुटाने काय होते? पोलोवाल्याला खरेच काही होत नाही. आम्ही त्या पाण्यात तीनदा करंडक मारला. भिंत ओळंब्यात आहे, आजही कुठे तडा नाही. फक्त ती एक फूट अलीकडे आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून जोडीदाराला कुठे न बोलण्याची शपथ घातली आणि मीही गप्प बसलो.

पण पोहणारे घड्याळावर जगतात, हे मी विसरलो. आमची मुले घरच्या तलावात कमी वेळात अंतर कापायची आणि बाहेरगावी गेली की मागे पडायची. दरवर्षी. घरात वाघ आणि बाहेर शेळी, असे आमच्या क्लबाचे नावच पडले. पोहणे शिकवणाऱ्या मास्तरांनी मुलांना धीर यावा म्हणून काय काय केले! दीर्घ श्वास, व्याख्याने, पहाटे थंड पाणी. मी त्या व्याख्यानांना मागच्या बाकावर बसायचो आणि मान डोलवायचो. मास्तर गेले ते स्वतःला कमी समजूनच.

५. त्या मुलांत माझी मुलगी होती. वय सोळा, चारशे मीटर. निवड चाचणीला बाहेरगावच्या, पुऱ्या पंचवीस मीटरच्या तलावावर गेली तेव्हा मी बाकावर हातात घड्याळ घेऊन होतो. घरच्यापेक्षा चार सेकंद जास्त लागले. सोळा फेऱ्या म्हणजे सोळा फूट, सोळा फूट म्हणजे चार सेकंद. हे गणित मला तिथेच, ती पाण्याबाहेर यायच्या आत सुटले. ती कणभरही कमी पोहली नव्हती. आणखी एक वर्ष खऱ्या मापावर सराव झाला असता तर निवड झाली असती, असे मला वाटते.

बाहेर बसथांब्यावर ती मला म्हणाली, "बाबा, दर वेळी वळायला गेले की भिंत जरा पुढेच होती."

मास्तर होते, इतर मुलांचे आईबाप होते. मी म्हणालो, "नाचता येईना, अंगण वाकडं."

सगळे हसले. अंगण वाकडे होते आणि ते मीच केले होते. त्यानंतर ती पाण्यात उतरली नाही. बायकोने खोदून खोदून विचारले तेव्हाही मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. ती बिचारी मुलीला समजावतच गेली.

गेल्या महिन्यात नातीने क्लबात नाव घालायचे म्हटले. मी पेपर तोंडासमोर धरून बसलो होतो. मुलगी तिला शांतपणे म्हणाली, "नको गं. आपल्या घरात अंगात दम असतो, पण काळीज नसतं. उगाच हसं होईल." पेपरातले एक अक्षर मला दिसेना. तीस वर्षांनी माझे खोटे तिसऱ्या पिढीत उतरत होते. मला माझी इतकी किळस कधी वाटली नव्हती.

६. तोंडाने सांगायला चार वेळा गेलो आणि चहा पिऊन परत आलो. मृत्यूनंतर कळावे म्हणून लिहायला बसलो, तर तेही पळ काढणेच झाले. वकील म्हणाले की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. म्हणून मुलीला मी वारस न करता साक्षीदार केले आहे. साक्षीदाराने फक्त सही पाहिली तरी चालते, पण इथे दोन्ही साक्षीदारांनी आधी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावे, अशी माझी अट आहे. तेवढा वेळ मी समोर बसेन. उठून जाणार नाही.

७. माझ्या मृत्यूनंतर क्लबाने तलाव लोखंडी टेपने मोजावा, विक्रमांच्या फलकाखाली खरी लांबी लिहावी, आणि ज्यांना शेळ्या म्हटले गेले त्या सर्वांना पत्राने कळवावे. पत्रात माझे नाव घालावे.

ठिकाण : राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक : ११ फेब्रुवारी, रविवार, दुपारी चार

मृत्युपत्र करणार : (सही)

साक्षीदार १, क्लबाचा सचिव : (सही) वाचले. चेंडू आत गेला होता. बाकी काय लिहावे ते सुचत नाही.

साक्षीदार २, मुलगी : (सही) सगळं वाचलं. बाबा पूर्ण वेळ समोर बसले होते. कलम सात मला मान्य नाही. मोजणी मेल्यावर नको, उद्या सकाळी, सगळी मुलं पाण्यात असताना. टेपचं एक टोक बाबांनी स्वतः धरायचं. मी माफ केलं, असं इथे कुठेही लिहिलेलं नाही.